हिमापूर्वींचा सौदा

बर्फावरून घसरण्याच्या खेळास स्कीइंग म्हणतात. अमेरिकेंत डोंगरांवरील या खेळाचे हंगामी पास विकतात. आयडाहोंतील बोगस बेसिननें १९९८ सालीं पास एकदम १९९ डॉलरांवर आणिला, तेव्हां गिऱ्हाइकांची रीघ लागली. पुढें व्हेल कंपनीनें २००८ सालीं अनेक डोंगरांचा मिळून ५७९ डॉलरांचा 'एपिक' पास काढिला. २०१८ सालीं प्रतिस्पर्धी 'आयकॉन' ८९९ डॉलरांस निघाला. २०२१ सालीं एपिकचा भाव पांचव्या हिश्श्यानें उतरून ७८३ झाला. स्वस्त तो घ्यावा, असें वाटेल. परंतु पैसे हिमापूर्वींच मोजावयाचे; हिम रुसलें तर झळ मुख्यतः गिऱ्हाइकास! पावसाआधीं छत्री विकण्याचेंच हें चातुर्य. म्हणून किंमतीस, आपण खरोखर किती दिवस जाणार, त्या संख्येनें भागावें. ७८३ डॉलरांत दहा दिवस खेळणारास दिवस ७८ डॉलरांस पडतो, दोनच दिवस जाणारास ३९१ स!