कॅथलिक नास्तिक की प्रोटेस्टंट नास्तिक?

बेलफास्टमध्ये एक जुना विनोद सांगतात. रात्री रस्त्यात अडवून एकाला विचारलं जातं, "तू कॅथलिक की प्रोटेस्टंट?" तो म्हणतो, "मी नास्तिक आहे." लगेच पुढचा प्रश्न येतो, "ते कळलं रे, पण कॅथलिक नास्तिक की प्रोटेस्टंट नास्तिक?"

उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे तीस वर्षं हिंसाचार चालला आणि साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. त्यात धर्माचं काम काय होतं, ते या विनोदावरून कळतं. तुझी श्रद्धा काय, हे कुणी विचारत नव्हतं. तू कोणत्या बाजूचा, एवढंच विचारत होते.

या बाजू पडल्या सतराव्या शतकात. इंग्लंड-स्कॉटलंडमधून आलेल्या प्रोटेस्टंट लोकांना उत्तरेकडच्या कॅथलिकांच्या जमिनी देण्यात आल्या. 1921 मध्ये आयर्लंडची फाळणी झाली तेव्हा उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडेच राहिले. तिथे प्रोटेस्टंट बहुसंख्य होते आणि बहुतेकांना ब्रिटनसोबतच राहायचं होतं. बहुतेक कॅथलिकांना एकसंध आयर्लंड हवा होता.

यात घराचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. 1960 च्या दशकातही तिथल्या स्थानिक निवडणुकांत मत मुख्यतः घरमालकाला किंवा घराच्या भाडेकरूला आणि त्याच्या जोडीदाराला असे. आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या मोठ्या मुलांना मत नाही. सरकारी घरं वाटायची नगरपालिका. म्हणजे कॅथलिक कुटुंबाला घर देणं म्हणजे विरोधकाला मत देणं! डेरी शहरात कॅथलिक जास्त होते, तरी वॉर्ड असे आखले होते की सत्ता दुसऱ्यांकडेच राहील. 5 ऑक्टोबर 1968 ला डेरीत मोर्चा निघाला तो घर, नोकरी आणि मतासाठी. त्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पुढे 30 जानेवारी 1972 ला तिथल्याच मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला आणि 13 जण जागीच गेले. त्यानंतर आयआरएकडे तरुणांची रीघ लागली.

ही लढाई खरंच धर्मासाठी असती, तर पोपचा शब्द चालला असता. सप्टेंबर 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी द्रोहेडा इथे, गुडघे टेकून विनवतो, हिंसा सोडा, असं आवाहन केलं. आयआरएने ते ऐकलं नाही.

मग धर्म निर्दोष का? कॅथलिक म्हणून मला 'हो' म्हणायला आवडेल, पण तसं म्हणता येत नाही. आपल्या शाळा वेगळ्याच हव्यात, हा आग्रह कॅथलिक चर्चनेही धरला. शेजारच्या गल्लीतली मुलं एकमेकांना न ओळखताच मोठी झाली. दुसऱ्या बाजूला इयन पेस्ली यांच्यासारखे पाळक धर्मपीठावरून आग ओकत होते. भांडण धर्माने सुरू केलं नसेल, पण त्याला लागणारी भिंत त्यानेच पुरवली.

त्याच भिंतीत दारही एका धर्मगुरूनेच शोधलं. मार्च 1988 मध्ये बेलफास्टमध्ये दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने पकडलं आणि आयआरएने गोळ्या घातल्या. फादर अॅलेक रीड त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसले. श्वास द्यायचा प्रयत्न केला, मग प्रार्थना म्हटली. त्या वेळी त्यांच्याकडे शांततेच्या गुप्त बोलणीचा एक कागद होता, जॉन ह्यूम यांना द्यायचा. लिफाफ्याला रक्त लागलं. तरी त्यांनी तो पोचवला. अशा बोलण्यांतूनच पुढे 10 एप्रिल 1998 चा करार झाला. तो दिवस गुड फ्रायडेचा होता. ज्या पेस्लींनी या कराराला विरोध केला, तेच 2007 मध्ये आयआरएच्या एका माजी नेत्याबरोबर सरकारमध्ये बसले.

बेलफास्टमधल्या कित्येक भिंती मात्र आजही उभ्या आहेत, आणि बहुतेक मुलं अजून वेगवेगळ्या शाळांत जातात.

एखाद्या दंगलीला 'धार्मिक' म्हणण्याआधी तिथे घर, नोकरी आणि मत कुणाच्या हातात आहे ते बघावं. पण "यात धर्माचा काही संबंध नाही" असं म्हणून आपण श्रद्धाळूंनीही सुटू नये. आपल्या चर्चने तिथे भिंत बांधली की निरोप पोचवला, हे आपणच विचारायला हवं.