बाष्पनळांतील जलाघात आणि कंत्राटदार

न्यूयॉर्कमधील जुन्या बहुकुटुंबी इमारतींत हिवाळ्यात नळांवर घण घातल्यासारखे आवाज होतात. हा जलाघात होय. एकनळी पद्धतीत वाफ ज्या नळाने रेडिएटरकडे चढते, त्याच नळाने तिचे झालेले पाणी बॉयलरकडे परतते. म्हणून नळास उतार हवा. आधार निखळून झोळ पडला की तेथे पाणी साचते. वेगवान वाफ ते ढकलून वळणावर आदळविते. किंवा थंड पाण्याच्या स्पर्शाने वाफ एकाएकी निवते आणि मागे राहिलेल्या पोकळीत पाणी धडकते. रेडिएटरची झडप अर्धवट उघडी ठेवणे हेही एक कारण. पण ते बिनखर्ची आहे.

कंत्राटदार पुष्कळदा वाफेचा दाब वाढवितो, किंवा बॉयलरच बदलावयास सांगतो. दाबाने झोळ जात नाही. पाणसळ न लावता सांगितलेले निदान मानू नये. दोषाचे स्थान लेखी घ्यावे, आणि थंड नळांत वाफ सोडून पाहिल्यावाचून अखेरचा हप्ता देऊ नये. तेथील नियमानुसार १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, बाहेरील तापमान ५५ अंश फॅरेनहाइटखाली गेल्यास, घरात दिवसा ६८ अंश राखावे लागतात. तेव्हा मोठ्या दुरुस्तीस उरतात चारच महिने, आणि चुकार कंत्राटदार नेमके तेच दवडतो.