दुर्ग कुठे तोडायचा?

दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान उत्तम शिकलेली नळदुर्गची मुले अकरावीला त्या शाखेकडे पाठ फिरवतात, हे इंग्रजी शिकवताना मी अनेकदा पाहिले आहे. त्यांना विषयाची भीती नसते. भीती असते ती लांबलचक शब्दांची.

‘अनकॉन्स्टिट्यूशनल’ हा शब्द घ्या. स्पेलिंगमध्ये 16 अक्षरे. घोकणाऱ्याला ते 16 सुटे मणी वाटतात. एक निसटला की माळ गेली. वास्तविक हा शब्द दोन रीतींनी फोडता येतो.

पहिली रीत उच्चाराची. ऐकू येणारे स्वर मोजायचे: अन-कॉन-स्टि-ट्यू-शन-अल. तुकडे सहा. शेवटून दुसऱ्या तुकड्यात टी, आय, ओ, एन अशी चार अक्षरे आहेत, पण ऐकू येतो एकच ‘शन’.

दुसरी रीत अर्थाची: नकाराचा ‘अन’, मधला ‘कॉन्स्टिट्यूशन’ आणि विशेषण करणारा ‘अल’. आपला ‘असंविधानिक’ अगदी असाच बांधलेला आहे: अ, संविधान, इक. इंग्रजीतला ‘अन’ आणि आपल्या ‘अनादर’मधला ‘अन्’ मुळात एकाच कुळातले.

दोन्ही रीतींची जागा नेहमी जुळत नाही. ‘हेलिकॉप्टर’ आपण हे-लि-कॉप-टर असा म्हणतो. ग्रीक मुळाप्रमाणे तो ‘हेलिको’ म्हणजे पिळाचा आणि ‘प्टर’ म्हणजे पंख.

आणि आपले गाव? ‘नळदुर्ग’ लिहिताना अक्षरे चार, बोलताना तुकडे दोन, अर्थाने घटक तीन: नळ, ‘दुर्’ म्हणजे कठीण, ‘ग’ म्हणजे जाणे. जिथे जाणे कठीण तो दुर्ग. देवनागरी या ‘दुर्’मधला र उचलून ‘ग’च्या डोक्यावर रफार म्हणून बसवते. 1853 नंतर या किल्ल्यात राहून कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरच्या काळातल्या इंग्रजी लिखाणात तर ‘द्रूग’ असे रूप दिसते. तिथे र स्वराच्या आधीच सरकला आणि ‘दुर्’ हरवला.

म्हणून माझा आग्रह असा, की स्पेलिंगसाठी शब्द कानाने तोडावा, अर्थासाठी मुळाने. नळदुर्गचे तीन घटक ज्याला दिसले, त्याला ‘फोटोसिंथेसिस’मध्ये ‘फोटो’ म्हणजे प्रकाश आणि ‘सिंथेसिस’ म्हणजे संश्लेषण दिसायला वेळ लागत नाही. प्रकाशसंश्लेषण तर तो मराठीतून आधीच शिकलेला असतो.