सायकलच्या हबमधले ग्रीस नेमके काय करते?

सायकल ओव्हरहॉल करून आणली की ती हलकी पळते, असे मुले सांगतात आणि त्याचे श्रेय नव्या ग्रीसला देतात. आकडे मात्र वेगळे बोलतात. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो वजन धरले, तर रस्त्यावर टायर दबत राहिल्यामुळे होणारा विरोध साधारण ५ ते ९ न्यूटन असतो. चांगल्या स्थितीतल्या हबमधील छर्ऱ्यांचा विरोध, चाकाच्या कडेशी मोजला तर, एक दशांश न्यूटनसुद्धा भरत नाही. सायकल हलकी झाली ती बहुधा टायरमध्ये हवा भरल्यामुळे, साखळीला तेल दिल्यामुळे किंवा आवळून बसलेला कोन सैल केल्यामुळे. मग ग्रीस हवे कशाला?

हबच्या दोन्ही टोकांना पोलादी वाट्या असतात. आक्सवर आट्यांनी बसवलेले दोन कोन त्या वाट्यांत शिरतात आणि मधल्या खोबणीत छर्रे फिरतात. साध्या सायकलीत बहुधा पुढच्या चाकात प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे दहा आणि मागच्या चाकात पाव इंचाचे नऊ छर्रे असतात. मागच्या चाकावर जास्त वजन येते, आणि एका वेळी ते मोजकेच छर्रे पेलतात. सर्वाधिक भार असलेल्या छर्ऱ्यावर १५ किलो वजन आले असे मानू. पाव इंची छर्रा सपाट पोलादावर एवढ्या जोराने दाबला, तर दोघांचा स्पर्श जेमतेम ०.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात होतो. तिथला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे वीस हजार पट निघतो! खोबणीच्या गोलाईमुळे प्रत्यक्षात तो काहीसा कमी असतो, पण तरी हजारोंतच.

अशा जागी वाळूचा कण सापडला तर काय होईल? वाळूतले क्वार्ट्‌झ हे बेअरिंगच्या कडक पोलादापेक्षाही कठीण असते. कण चिरडला जातो, पण आधी पृष्ठभागावर खड्डा पाडून जातो. पाणी शिरले तर गंज चढतो आणि गंजाचे कणही तेच काम करतात. म्हणून सायकलच्या हबमध्ये ग्रीसचे मोठे काम पहारेकऱ्याचे आहे. पावसाळ्यात ओढ्यातून सायकल ढकलत शाळेत येणाऱ्या मुलीच्या चाकाचे आयुष्य या पहाऱ्यावर ठरते. वाटी एकदा खराब झाली की पुष्कळदा सगळा हबच बदलावा लागतो, आणि त्यासाठी चाक पुन्हा विणणे आले.

ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे. त्यात बहुतांश तेलच असते, पण ते साबणाच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळ्यात, स्पंजात पाणी राहावे तसे, अडकलेले असते. हा साबण कोणत्या धातूचा, यावर ग्रीसचा स्वभाव ठरतो. सोडियमचा साबण पाण्यात मिसळतो, त्यामुळे ते ग्रीस हबसाठी बाद. कॅल्शियमचे ग्रीस पाण्याला चांगले दाद देत नाही. त्याचा जुना प्रकार ७०-८० अंश सेल्सिअसच्या पुढे टिकत नाही, पण सायकलला त्याची काय फिकीर? ताशी १५ किलोमीटर वेगाने जाताना चाक मिनिटाला सव्वाशे फेऱ्याही घेत नाही. लिथियमचे ग्रीस पाणी आणि उष्णता दोन्ही सोसते, आणि मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळते. त्यातला साबण बहुधा एरंडेलापासून काढलेल्या मेदाम्लाचा असतो. बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालणाऱ्यांचा हात असा अजून वंगणाला लागलेला आहे! आमच्या मते साधे, दोन नंबरचे लिथियम ग्रीस पुरे; महागड्या डबीने सायकलचे काही अडत नाही.

अडते ते सफाईवाचून. जुन्या काळ्या ग्रीसवरच नवे थापले तर आतली माती आतच राहते. शिवाय वेगळ्या जातींची ग्रीसे एकत्र आली की काही वेळा जाळे मोडून तेल वाहू लागते. म्हणून हब खोलल्यावर छर्रे, कोन आणि वाट्या रॉकेलने स्वच्छ धुवाव्यात (जवळपास आगकाडी नको) आणि पूर्ण कोरड्या कराव्यात, कारण मागे राहिलेले रॉकेल नव्या ग्रीसलाही पातळ करते. कोनाच्या खोबणीवरून बॉलपेनचे टोक फिरवून पाहावे. डोळ्यांना न दिसणारा खड्डा हाताला जाणवतो. असा कोन बदलावा. छर्रे बदलताना सगळे एकदम बदलावेत. एखादा जरासा मोठा असला तर सारा भार त्याच्यावर पडतो. १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशर याने छर्रे एकसारखे गोल घासणारे यंत्र केले, त्याचे महत्त्व यातच आहे.

वेगाने फिरणाऱ्या विजेच्या मोटारीच्या बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरले तर ते घुसळून तापते. सायकलला ती भीती नाही. वाटी भरभरून लावावी. कडेने थोडे बाहेर आले तर तेच मातीला अडवते. फ्रीव्हीलच्या आत मात्र हे घट्ट ग्रीस जाऊ देऊ नये. त्यातली कुत्री चिकटून बसतात आणि पायडल नुसतेच फिरते. तिथे पातळ तेलच हवे.

शेवटी कोन बसवणे. नट आवळताना कोनही थोडा फिरतो, म्हणून एका पान्याने कोन धरून दुसऱ्याने नट आवळावा. मग चाक सायकलला लावून, अधांतरी ठेवून रिम आडवी हलवून पाहावी: खडखड लागता कामा नये. आता व्हॉल्व्ह वर आणून चाक किंचित ढकलून सोडावे. तेवढ्याशा वजनाने चाक आपोआप फिरले, मागे-पुढे झोके घेत थांबले आणि व्हॉल्व्ह तळाशी आला, तर कोन बरोबर बसला. मध्येच अडकले तर पाव फेरी मागे.