नमुना एवढा मजबूत, मग जमीन का सरकते?

मुंबई-अहमदाबाद हायवेने जाताना चारोटीच्या आसपास महालक्ष्मीचा सुळका दिसतो. काळा कातळ, कशानेही न हलणारा वाटतो. पण याच भागात, डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे हजारो छोटे धक्के बसले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. धुंदलवाडी परिसरात लोकांनी थंडीत घराबाहेर, तंबूत रात्री काढल्या.

एक मोठा भूकंप आणि मग उतरत जाणारे धक्के, असा क्रम इथे नव्हता. अशा मालिकेला स्वॉर्म म्हणतात. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं आणि त्याने हे धक्के सुरू होतात, अशी मांडणी काही संशोधकांनी केली आहे. तुम्ही रॉक मेकॅनिक्सकडे वळणार असाल, तर पहिला प्रश्न हाच पडेल: एवढा कठीण दगड पाण्याने कसा सरकेल? वही-पेन घ्या, हिशेब करून पाहू.

मशीनमध्ये काय मोजतो?

बोअरिंगमधून आलेल्या खडकाच्या दंडगोलाला कोअर म्हणतात. साधारण ५४ मिलिमीटर व्यासाचा तुकडा कापायचा, उंची व्यासाच्या दुपटीहून थोडी जास्त ठेवायची आणि तो फुटेपर्यंत दाबायचा. घट्ट, ताजा बेसॉल्ट १०० मेगापास्कलहून जास्त दाब सहज सोसतो. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक टन!

पण तो तुकडा निवडला कसा, ते आठवा. भेगाळलेले तुकडे कोअरच्या पेटीतच राहिले, कारण ते कापताना तुटतात. आपण मोजली ती उरलेल्या चांगल्या दगडाची ताकद. जमीन मात्र सरकते ती आधीच असलेल्या भेगेवर. तिथे दगड नव्याने फोडावा लागत नाही, फक्त घर्षणावर मात करावी लागते. जेम्स बायर्ली यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की बहुतेक खडकांत घर्षणाचा गुणांक ०.६ ते ०.८५ च्या दरम्यान येतो, मग खडक कुठलाही असो.

पाच किलोमीटर खाली

आता ५ किलोमीटर खोलीवरची एक भेग घ्या. घनता २,७०० किलो प्रति घनमीटर धरली, तर वरच्या खडकाचा दाब सुमारे १३२ मेगापास्कल. भेगेत वरपर्यंत पाणी भरलेलं असेल, तर त्याचा दाब ४९. कार्ल टेर्झागी यांनी मातीसाठी मांडलेलं परिणामी दाबाचं तत्त्व इथेही लागू पडतं: भेगेला आवळून धरतो तो या दोन्हींतला फरक, म्हणजे ८३. त्याला ०.६ ने गुणा. सरकण्याला होणारा विरोध आला सुमारे ५० मेगापास्कल.

(सोपं जावं म्हणून वरचा दाबच भेगेवर काटकोनात धरला आहे. खरी भेग तिरकी असते आणि आडवे दाबही मोजावे लागतात.)

समजा, पावसाळ्यात पाण्याची पातळी १० मीटरने वाढली आणि तो दाब जसाच्या तसा खाली पोचला. पाण्याचा दाब ०.१ ने वाढला, विरोध ०.०६ ने घटला. ५० मध्ये ०.०६! हजारात जेमतेम एक भाग.

इथेच खरी गंमत आहे. एवढ्याशा फरकाने भेग सरकत असेल, तर ती आधीच काठावर उभी असली पाहिजे. पाणी फक्त शेवटचा धक्का देतं, ऊर्जा खडकात अगोदरच साठलेली असते. आणि भेग काठापासून किती दूर आहे, हे प्रयोगशाळेतला कुठलाही नमुना सांगत नाही. कोअर बाहेर काढला की त्यावरचा जमिनीतला दाब सुटतो.

वेळेचा प्रश्न

दाब खाली पोचायला वेळही लागतो. तो वेळ ढोबळमानाने खोलीचा वर्ग भागिले चौपट विसरण गुणांक असा काढतात. गुणांक १ चौरस मीटर प्रति सेकंद घेतला, तर ५ किलोमीटरसाठी सुमारे ७२ दिवस. ०.१ घेतला, तर जवळपास दोन वर्षं. एका गृहीतकाने याच पावसाळ्याचा धक्का दोन पावसाळ्यांपूर्वीचा ठरतो.

कोयनेत नेमकं यासाठीच खोल जाऊन बघितलं गेलं. ११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपाचा आणि जलाशयाचा संबंध अजूनही अभ्यासला जातो. तिथे गोठणे इथे सुमारे ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं गेलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपून खाली ग्रॅनाइटी खडक लागला. म्हणजे सरकणारी भेग ज्या खडकात आहे, तो वर दिसणारा काळा कातळ नसूही शकतो.

मग तुम्ही काय करायचं?

मॉडेल चालवण्याआधी प्रत्येक आकड्यासमोर लिहा: मोजला, दुसरीकडून घेतला, की धरला? धरलेले आकडे एकेक करून बदला आणि उत्तर किती हलतं ते पाहा. सुरुवातीलाच भेग काठावर ठेवली आणि मग ‘पावसाने ती सरकली’ असा निष्कर्ष काढला, तर तुम्ही सिद्ध काहीच केलं नाही. जे धरलं होतं, तेच परत मिळालं.

हे फक्त गाईडला खूश करण्यासाठी नाही. धुंदलवाडीतल्या माणसाला एकच गोष्ट विचारायची असते: रात्री घरात झोपू का? त्याला उत्तर देताना आपला कुठला आकडा मोजलेला आहे आणि कुठला धरलेला, हे आपल्याला तरी माहीत हवं.

जाता जाता, हाच हिशेब २ किलोमीटर खोलीसाठी करून पाहा. ०.०६ तोच राहील, पण त्याचं वजन किती वाढलं ते बघा.