विश्लेषण : गाडीचे किलोमीटर अचानक थांबले? ‘मीटर’ बदलण्याआधी हे वाचा…

गाडी महामार्गावर ८० च्या वेगाने धावते आहे, स्पीडोमीटरचा काटाही बरोबर हलतो आहे. पण किलोमीटरचा आकडा मात्र गेल्या आठवड्यातलाच. गाडी चालते आहे ना, मग बघू नंतर, असे म्हणून अनेक जण दुर्लक्ष करतात. काही जण जुन्या बाजारातून दुसरे मीटर आणून परस्पर बसवतात. दोन्ही गोष्टी पुढे महागात पडू शकतात. ऑइल बदलण्यापासून गाडी विकण्यापर्यंतचे सगळे हिशेब याच आकड्यावर चालतात.

ओडोमीटर मोजते कसे?

जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल यायची. ती फिरली की दातेरी चक्रे फिरायची आणि आकडे पुढे सरकायचे. आताच्या गाड्यांत गिअरबॉक्सवरचा किंवा चाकांजवळचा एबीएसचा सेन्सर फेऱ्यांचे विद्युत संकेत पाठवतो. त्यावरून अंतर काढले जाते आणि एकूण किलोमीटर एका मेमरी चिपमध्ये साठवले जातात. बॅटरी काढली तरी हा आकडा पुसला जात नाही. स्पीडोमीटर, इंधनाचा काटा, धोक्याचे दिवे आणि ओडोमीटर या सगळ्या संचाला ‘इन्स्ट्रुमेंट क्लस्टर’ म्हणतात. गॅरेजमध्ये त्यालाच सरसकट ‘मीटर’ म्हटले जाते.

दर वेळी क्लस्टर बदलावेच लागते का?

नाही. आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहावे.

– स्पीडोमीटर आणि ओडोमीटर दोन्ही बंद असतील, तर संशय सेन्सर, वायरिंग, फ्यूज किंवा जुन्या गाडीत केबलवर घ्यावा. एबीएसचा दिवा लागला असेल किंवा ऑटोमॅटिक गाडीचे गिअर झटके देत बदलत असतील, तर हा संशय आणखी बळावतो. हे काम क्लस्टर न बदलता होऊ शकते.

– वेग बरोबर दिसतो, पण किलोमीटर पुढे सरकत नाहीत, तर दोष बहुधा क्लस्टरमध्येच असतो. जुन्या मीटरमध्ये प्लास्टिकचे दातेरी चक्र तुटलेले असते, तर डिजिटल मीटरमध्ये चिप किंवा सर्किट बिघडलेले असते.

– आकडेच दिसत नसतील, तर केवळ डिस्प्ले गेलेला असू शकतो. मोजणी आत सुरूच असते.

म्हणून स्कॅनर लावून तपासणी केल्याशिवाय नवे क्लस्टर मागवू नये.

२,९९,९९९ वर थांबलेल्या गाड्या

काही वेळा बिघाड नसतानाही मोजणी थांबते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या २००३ ते २००८ च्या पिढीतील टोयोटा कोरोला आणि मॅट्रिक्स या गाड्यांचे ओडोमीटर २,९९,९९९ मैलांवर थांबल्याचा अनुभव अनेक मालकांना आला. गाडी ठणठणीत, पण आकडा पुढे जाईना. त्यानंतर गाडी कितीही पळाली तरी कागदोपत्री ती तिथेच उभी!

अशा वेळी काय करायचे, हे अमेरिकेचा कायदा सांगतो. ओडोमीटर दुरुस्त करता किंवा बदलता येते, पण आकडा पूर्वीचाच राहिला पाहिजे. ते शक्य नसेल तर नवे ओडोमीटर शून्यावर ठेवून, आधीचा आकडा आणि बदलल्याची तारीख लिहिलेली सूचना डाव्या दरवाजाच्या चौकटीवर लावावी लागते.

नव्या क्लस्टरमध्ये जुना आकडा येतो का?

आपोआप येईलच असे नाही. कोरे क्लस्टर शून्य दाखवते. काही गाड्यांत एकूण किलोमीटर दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही साठवलेले असतात आणि तिथून ते नव्या क्लस्टरमध्ये उतरतात. काहींत अधिकृत सर्व्हिस सेंटरला कोडिंग करून आकडा भरावा लागतो. जुनी चिप शाबूत असेल, तर कुशल कारागीर त्यातली माहिती नव्या बोर्डवर घेऊ शकतो.

सर्वाधिक घोळ सेकंडहँड क्लस्टरमुळे होतो. त्यात दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर असतात. शिवाय काही गाड्यांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगन समूहाच्या अनेक जुन्या मॉडेलमध्ये, चोरी रोखणारी इमोबिलायझर यंत्रणा क्लस्टरमध्येच असते. चावी त्याच्याशी जुळवून घेतल्याशिवाय गाडी सुरू राहत नाही.

भारतात हे बेकायदा आहे का?

बिघडलेले क्लस्टर बदलणे हा गुन्हा नाही. अमेरिकेसारखा स्वतंत्र ओडोमीटर कायदाही आपल्याकडे नाही. मात्र खरे किलोमीटर लपवून गाडी विकल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवणुकीची तक्रार होऊ शकते. विक्रेता व्यावसायिक असेल, तर ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. त्यामुळे प्रामाणिकपणे मीटर बदलणाऱ्याकडे पुरावा नसेल, तर उद्या त्याच्यावरही ‘मीटर मागे फिरवल्याचा’ संशय येऊ शकतो.

विम्याचाही प्रश्न आहे. ‘इर्डा’ने जुलै २०२२ मध्ये ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ पर्यायाला परवानगी दिली. त्यात प्रीमियम वापरावर ठरत असल्याने ओडोमीटरच्या आकड्याला महत्त्व येते. अशी पॉलिसी असेल, तर मीटर बंद पडल्याचे विमा कंपनीला लगेच लेखी कळवावे.

नोंद कशी ठेवाल?

१. काम सुरू होण्याआधी जुन्या मीटरचा तारखेसह फोटो काढा.

२. बिलावर गाडी क्रमांक, चॅसिस क्रमांक, जुना आकडा, नवा आकडा आणि तारीख लिहून घ्या. केवळ ‘मीटर बदलले’ एवढे पुरेसे नाही.

३. हीच नोंद सर्व्हिस बुकमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरच्या संगणकात करून घ्या.

४. मीटर बंद असताना किती अंतर कापले, याचा अंदाज काढा. समजा त्या काळात २०० लिटर पेट्रोल भरले आणि गाडीचे ॲव्हरेज १५ आहे, तर सुमारे ३,००० किलोमीटर झाले. पुढचे ऑइल किंवा टायमिंग बेल्ट बदलताना हे किलोमीटर धरा. टायमिंग बेल्ट चालू गाडीत तुटला, तर इंजिनचेच काम निघू शकते.

५. गाडी विकताना बिलाची प्रत खरेदीदाराला द्या आणि विक्रीच्या करारात तसा उल्लेख करा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी काय पाहावे?

ओडोमीटरवर एकट्यावर विसंबू नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा सर्व्हिस इतिहास मागवावा आणि दर वर्षीचे किलोमीटर क्रमाने वाढले आहेत का, ते पाहावे. स्कॅनर लावून इतर कंट्रोल युनिटमधील आकडा मिळत असेल, तर तो पडताळावा. ३० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे ब्रेक पेडल, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरची सीट फारच झिजलेली असेल, तर विक्रेत्याला थेट विचारावे : मीटर कधी बदलले होते का? उत्तर ‘हो’ असेल आणि सोबत बिल असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. बिल नसेल, तर ती गाडी किती पळाली हे कळत नाही असे समजूनच भाव करावा.