औषध कोणते होते, हेच सांगता आले नाही

पावसाला सुरुवात झाली की मुक्ताईनगरात कुत्र्यांच्या अंगावर गोचिडांचे घोस लटकू लागतात. कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. आमच्या वस्तीत कुत्रा कुणा एकाचा नसतो. अर्धी भाकर या घरची, अर्धी त्या घरची. पण मोती आमच्या ओट्यावरच झोपायचा. मागच्या आषाढात आम्ही दुकानातून गुरांच्या गोचिडाचे औषध सुट्या बाटलीत आणले. दुकानदार म्हणाला, "पाण्यात टाका अन् चोळा, काही होत नाही." संध्याकाळी मोतीच्या तोंडातून लाळ गळू लागली, मागचे पाय थरथरू लागले. पहाटे तो गेला.

सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायला गेलो. डॉक्टरसाहेबांचा पहिलाच प्रश्न: औषध कोणते? बाटलीवर कागदच नव्हता. पाण्यात किती टाकले? अंदाजे. मोतीचे वजन? माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, "मग औषधानेच गेला हे मी कशावरून सांगू?"

तेव्हा राग आला होता. आता पटते. औषधानंतर मेला म्हणजे औषधानेच मेला, असे होत नाही. गोचिडातून बबेसिया, एर्लिचिया असे रोग होतात. ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, बबेसियात लघवी चहासारखी लाल होते, आणि कुत्रा मरतोही. गोचीड फार झाले म्हणूनच आपण औषध लावतो, म्हणजे रोग आधीच अंगात असू शकतो.

औषधाचे नाव आणखी एका कारणासाठी लागते. अमिट्राझ अंगात भिनले तर कुत्रा सुस्त पडतो, नाडी मंदावते, अंग गार होते. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनने लाळ आणि थरथर. शेतातल्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांनीही लाळ आणि थरथरच, शिवाय डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. तिथे अॅट्रोपिनचे इंजेक्शन जीव वाचवते, पण अमिट्राझच्या विषबाधेत ते टाळतात. बाटली हरवली की डॉक्टर अंधारात चाचपडतो.

माणसांच्या बाबतीतही हेच घडले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. दोन-तीन औषधे एकत्र करून फवारलेली. नेमके कोणते विष भिनले हे उपचार करणाऱ्यांना कळणे कठीण. आपल्या आया-बहिणीही कपाशीत, केळीच्या बागांत राबतात. घरी आलेली सुटी बाटली कुत्र्यापुरतीच राहत नाही, लेकराच्या हातीही लागते.

अमेरिकेत मात्र लोक कळवतात. मानेवर थेंब टाकायची औषधे, पट्टे, फवारे, शाम्पू यांबद्दल २००८ या एका वर्षात तिथल्या पर्यावरण संस्थेकडे ४४ हजारांहून अधिक तक्रारी पोहोचल्या. बहुतेक किरकोळ होत्या, काहींत झटके आणि मृत्यूही होते. थेंबांच्या औषधांची छाननी झाली, २०१० साली निष्कर्ष आले: लहान कुत्र्यांना त्रास जास्त, आणि कुत्र्याचे औषध मांजराला लावल्याने घात. मग वेष्टनावरच्या सूचना आणि वजनाचे गट स्पष्ट करायला सांगितले गेले. पुढे २०१८ च्या सप्टेंबरात फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर या जातीच्या औषधांबद्दल तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला की काही जनावरांत थरथर, तोल जाणे, झटके दिसतात. पूर्वी कधी झटका न आलेल्यांतही. औषधे बंद केली नाहीत, कारण बहुसंख्य जनावरांना ती चालतात. ही औषधे आपल्याकडेही मिळतात, महाग असली तरी.

आता आमच्या घरी भिंतीवर एक वही टांगली आहे. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, किती दिले, किती वाजता, कुत्र्याचे वजन. वजनाची युक्ती सोपी: कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकट्याने, फरक काढा. वेष्टन महिनाभर फेकत नाही. बिल मागतो, दुकानदार तोंड वाकडे करतो, करू द्या.

त्रास दिसलाच तर औषध अंगावर लावलेले असल्यास हातमोजे घालून कोमट पाणी आणि साबणाने धुवावे. पोटात गेले असल्यास तेल-मीठ पाजून ओकारी काढू नये. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. डॉक्टरांकडे बाटली घेऊनच जा, आणि केसपेपरवर औषधाचे नाव लिहून घ्या.